ओसाकाचा किल्ला आणि हिमेजीचा किल्ला: एक नव्याने बांधलेला, एक दुरुस्त केलेला

जपानात ओसाका आणि हिमेजीच्या मधे असलेल्या कोबेत आमच्याकडे मार्चअखेर पाहुण्यांची रीघ लागते. साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा हंगाम. आल्याआल्या पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ओसाकाचा किल्ला झाला की बघून, आता परत हिमेजीला कशाला? किल्ला तो किल्ला." दुसरं वाक्य थोडंफार वाचून आलेल्यांचं: "आणि तसे दोन्ही नवेच केलेले आहेत." पहिलं मी हसण्यावारी नेते. दुसऱ्याने माझं डोकं फिरतं, कारण त्यात अर्धं खरं आहे.

ओसाकाबद्दल फार सांगत बसत नाही, फोटो तुमच्याकडे आहेतच. हिरवट छपरं, सोनेरी वाघ, आत लिफ्ट आणि आठ मजल्यांचं संग्रहालय. तोयोतोमी हिदेयोशी या तेव्हाच्या बलाढ्य सरदाराने किल्ला १५८३ साली बांधायला घेतला, म्हणून सहलीच्या पत्रकांत "चारशे वर्षांपूर्वीचा भव्य किल्ला" असं छापून येतं. पण तुम्ही ज्याच्यासमोर फोटो काढलात तो मनोरा १९३१ सालचा आहे, काँक्रीटचा. हिदेयोशीचा मनोरा १६१५ च्या लढाईत जळाला. ती लढाई जिंकलेल्या तोकुगावा घराण्याने त्याचा सगळा किल्ला मातीखाली गाडून वर आपला रचला आणि त्यांच्या मनोऱ्यावर १६६५ साली वीज पडली. त्यानंतर २६६ वर्षं तिथे मनोरा नव्हताच. शेवटी ओसाकाकरांनी १५ लाख येन वर्गणी जमवून आताचा उभा केला. खालचे ते प्रचंड दगडी तट मात्र अस्सल जुने आहेत, पण तेही तोकुगावांचे. हिदेयोशीची दगडी भिंत बघायची तर जमिनीखाली उतरावं लागतं. गंमत म्हणजे हिदेयोशीचा मनोरा जेमतेम ३० वर्षं टिकला, तोकुगावांचा ३९. काँक्रीटवाला दोघांना मागे टाकून अजून ठणठणीत आहे, तेव्हा मी त्याला नावं ठेवत नाही. जे नाही ते म्हणून विकू नका, एवढंच.

आता हिमेजी. इकेदा तेरुमासा हा तोकुगावा घराण्याचा पहिला शोगुन (लष्करी सत्ताधीश) इएयासू याचा जावई. त्याने मुख्य मनोरा १६०९ साली पुरा केला आणि तोच मनोरा आज उभा आहे. मनोऱ्याला जपानीत तेन्शु म्हणतात. आख्ख्या देशात असे जुने लाकडी तेन्शु बाराच उरलेत. बाकी जिथे जिथे उंच, पांढरा, टुमदार किल्ला दिसेल तिथे आधी साल विचारायचं.

इथेच पाहुणे मला पकडतात. गेल्या खेपेला काकांनी भर ट्रेनमध्ये मोबाइल पुढे केला: "हे बघ, १९५६ ते १९६४ आख्खा मनोरा उतरवला होता. २००९ ते २०१५ पुन्हा काम. मग हा तरी जुना कसा?"

प्रश्न बरोबर आहे, आणि घोळ होतो तो नेमका इथेच.

१९५६ साली मनोरा खरंच उतरवला. शतकानुशतकं तो स्वतःच्याच वजनाने आग्नेयेला कलत चालला होता, खालची जमीन दबत होती. म्हणून कौलं, भिंती, तुळया, खांब सगळं सुटं केलं. कुठला तुकडा कुठला याची नोंद ठेवली, जे धड होतं ते जिथल्या तिथे परत बसवलं आणि जे कुजलं होतं तेवढंच बदललं. पायात मात्र काँक्रीट घातलं. हो, हिमेजीच्या पायातही काँक्रीट आहे. पुढच्या वेळी काका ते शोधून काढतील, त्याआधी मीच सांगून टाकते.

मनोऱ्याच्या पोटातून दोन प्रचंड खांब वर जातात, पूर्वेचा आणि पश्चिमेचा, प्रत्येकी जवळपास २५ मीटर. सगळा डोलारा त्यांच्यावर. पूर्वेच्या खांबाचा फक्त बुंधा बदलावा लागला. पश्चिमेचा पार गेला होता. त्याच्यासाठी मध्य जपानातल्या किसोच्या जंगलातून हिनोकीचं, म्हणजे जपानी सायप्रसचं झाड तोडून आणलं, तर ते वाहतुकीत मोडलं. मग जवळच्याच एका डोंगरावरच्या देवळाच्या आवारातलं झाड मिळालं आणि दोन्ही खोडं तिसऱ्या मजल्यापाशी एकमेकांत खाचून एक खांब केला. तिथे गेलात की तो सांधा हुडका. पूर्वेच्या खांबाला हात लावला तर सतराव्या शतकाला हात लागतो, पश्चिमेच्या खांबाला लावला तर १९५० च्या दशकातल्या सुतारांना. मधे अंतर काही पावलांचं.

वाड्याचा एक वासा बदलला, चार बदलले, जमीन उकरून पुन्हा केली, तरी तो आजोबांचाच वाडा राहतो. वाडा पाडून तिथे इमारत बांधली आणि दर्शनी भागाला लाकडी सज्जा चिकटवला, तर त्याला कोणी आजोबांचा वाडा म्हणत नाही, सज्जा कितीही हुबेहूब असो. हिमेजी पहिल्यातला, ओसाका दुसऱ्यातला. किती टक्के लाकूड जुनं आहे हा हिशेब गैरलागू आहे. बघायचं एवढंच, की समोरच्या जुन्या वस्तूची दुरुस्ती झाली, की नसलेल्या वस्तूची आठवण म्हणून नवी केली. १९५६ साली सुतारांसमोर मनोरा होता. १९३१ साली ओसाकाकरांसमोर नुसता दगडी चौथरा होता, आणि त्यावर त्यांनी वरचा मजला हिदेयोशीच्या धाटणीचा तर खालचे तोकुगावांच्या धाटणीचे केले. तसा मनोरा आधी कधी अस्तित्वातच नव्हता.

२००९ ते २०१५ मधे झालं ते छपराचं आणि गिलाव्याचं काम. कौलं उतरवून परत बसवली, चुन्याचा पांढरा गिलावा नव्याने दिला. पडदे काढल्यावर किल्ला इतका लख्ख दिसला की स्थानिक लोकच त्याला "शिरोसुगी-जो" म्हणायला लागले. किल्ल्याचं जुनं टोपणनाव 'शिरासागी-जो', म्हणजे पांढऱ्या बगळ्याचा किल्ला, तेव्हा कोटी आयतीच होती: जरा जास्तच पांढरा किल्ला. आता गिलाव्यावर बुरशीचा करडा रंग चढायला लागलाय. मला तो तसाच आवडतो.

दुसरी तक्रार चौथ्या मजल्यावर ऐकू येते, धापा टाकत: "आत तर काहीच नाही!" खरंच नाही. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आहेत, शिवाय तळघर. जिने जवळजवळ शिडीसारखे उभे, लिफ्ट नाही, आणि सगळ्यात वर एक छोटं देऊळ. पण असणार काय होतं? तेन्शु हा राजवाडा नव्हे. किल्लेदार खाली वाड्यात राहायचा. वरचा मनोरा धाक दाखवायला, टेहळणीला, कोठारासारखा वापरायला आणि वेळ आलीच तर शेवटचं लढायला. भिंतींवर बंदुका-भाले टांगायच्या लाकडी खुंट्या अजून आहेत, तटाच्या भिंतींत गोल, तिकोनी, चौकोनी जंग्या आहेत. शेवटचं लढायची वेळ इथे कधी आली नाही. ज्यांना काचेच्या कपाटातली चिलखतं हवीत त्यांनी ओसाकालाच जावं, तिथली मांडणी खरंच चांगली आहे. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही.

बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे असतात. हिवाळ्यात फळ्या बर्फासारख्या असतात, जाड मोजे घाला. शेवटचा प्रवेश चारला. ओसाकाहून शिनकाईसोकु या साध्या जलद गाडीने साधारण तास लागतो. शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने अर्ध्या तासात पोचता, पण त्यात बोगदेच बोगदे. साध्या गाडीत डाव्या खिडकीशी बसलात तर वाटेतल्या सुमा स्टेशनपासून पुढे रूळ समुद्राला लागून जातात.

राहिला गावाचा प्रश्न. हिमेजी जोकामाची, म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याशी वसवलेलं गाव, असं वाचून लोक जुन्या लाकडी गल्ल्या शोधतात आणि हिरमुसतात. जुलै १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गाव जळून गेलं. किल्ल्यावर काळी जाळी टाकून ठेवली होती. एक आगबॉम्ब वरच्या मजल्यात शिरला, पण पेटला नाही. म्हणून स्टेशनातून बाहेर पडल्यावर सरळसोट रुंद रस्ता, दोन्हीकडे नव्या इमारती आणि टोकाला किल्ला, असं ते चित्र आहे. जुनं गाव नकाशावरच्या नावांत उरलंय: काजीमाची लोहारांची, कोन्यामाची रंगाऱ्यांची, उओमाची मासळीची, वातामाची कापसाची, शिओमाची मिठाची. परतताना आम्ही या आळ्यांतून मुद्दाम वाकडी वाट करून येतो. काकांना मासळी चालत नाही, आणि इथल्या सुपांत माशाचा अर्क असतोच असतो, म्हणून त्यांना हिमेजीचा बदामाचं लोणी लावलेला आमंड टोस्ट खायला घातला. दोन खाल्ले. मग म्हणाले, "तो पश्चिमेचा खांब. सांधा मला दिसलाच नाही."

गाडीला अजून वेळ होता, पण चार वाजून गेले होते.