डेटाचा आकार (शालेय गणित)

गोळा केलेले आकडे संख्यारेषेवर मांडले की ढीग कुठं पडतो, कुठं पातळ होतं, कुठं जागा रिकामी राहते आणि कोणता आकडा एकटाच लांब जाऊन बसतो, या सगळ्याचं मिळून जे चित्र दिसतं त्याला डेटाचा आकार म्हणतात. सहावी ते आठवीची पोरं हे सहज शिकू शकतात. आपल्या स्टेट बोर्डात आयतालेख म्हणजे हिस्टोग्राम (आकड्यांचे गट पाडून, गटात जितक्या नोंदी तितका उंच खांब) दहावीला येतो, पण तोवर मध्य (सरासरी), मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा), बहुलक (सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा) यांची सूत्रं पाठ झालेली असतात आणि आकार बघायचा राहूनच जातो.

विदर्भातल्या खेड्यात याला काही सामान लागत नाही. व्हरांड्यात खडूनं ० ते ४० अशी रेघ ओढायची, घरी किती एकर वावर आहे त्या आकड्यावर एकेक सरकी ठेवायची, आकडा परत आला की तिच्या वर दुसरी. समजा नऊ घरं आली: १, २, २, ३, ३, ३, ४, ५ आणि ४० एकर. तीनवर तीन सरक्यांची रांग उभी राहते, दोन्ही बाजूंना उतार, मग पाचच्या पुढं फरशी मोकळीच मोकळी आणि पार टोकाला एक सरकी. बेरीज ६३, म्हणजे सरासरी ७ एकर, पण ७ एकरवाला कास्तकार त्या रेघेवर एकही नाही आणि आठ घरं सरासरीच्या खाली आहेत. मध्यक ३ येतो, गाव खरं तिथं आहे. (मजुराच्या घरची सरकी ० वर पडते, ती वगळू नये, आणि सगळ्यांसमोर सांगायला पोराला जड जात असेल तर आकडे चिठ्ठीवर घ्यावे.)

हा आकार उजवीकडे झुकलेला. इथं पोरं हमखास चुकतात, कारण ढीग तर डावीकडे दिसतो, पण नाव पडतं शेपटीवरून, म्हणजे लांब गेलेले मोजके आकडे ज्या बाजूला त्यावरून. पावसाळ्यातला रोजचा पाऊसही असाच असतो, जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांत कोरडे नाहीतर भुरभुरीचे दिवस भरपूर आणि नाल्याला पूर आणणारे मोजकेच, हवामान खातं तर २.५ मिमी झाल्याशिवाय त्याला पावसाचा दिवसच धरत नाही. सोप्या पेपरचे मार्क उलटे, शेपूट डावीकडे. फासा खूप वेळा टाकला तर सगळे ढीग जवळजवळ सारखे.

दोन उंचवटे दिसले की थांबून बघावं, बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एका बाईनं रोज किती किलो कापूस वेचला ते वहीत लिहिलं, भर वेचणीत समजा ३०-३५ किलो आणि फरदडीला (मुख्य वेचणीनंतर राखलेल्या कापसाला) १०-१५, तर दोन्हीचे दिवस सारखे असले की सरासरी बावीस-तेवीसच्या आसपास येईल आणि तेवढा कापूस तिनं एकाही दिवशी वेचलेला नसेल. हिस्टोग्राम हा शब्द कार्ल पिअर्सननं १८९० च्या दशकात रूढ केला. त्यात वर्गांतर, म्हणजे एका गटाची रुंदी, किती घेता यावर बरंच ठरतं, ५-५ किलोचे गट केले तर दोन्ही उंचवटे दिसतात, ४० किलोचा एकच गट केला तर नुसता एक ठोकळा.

महिन्यावार पावसाचा स्तंभालेख मात्र यात धरू नये, तिथं जुलैचा खांब उंच दिसतो तो पाऊस जास्त म्हणून, आणि आयतालेखात खांब उंच होतो तो तसे दिवस जास्त म्हणून.