सुरीचं पाणी

मावळातल्या एका मित्राच्या शेतघरी चूल पेटवायची होती आणि सरपण बाहेरून भिजलेलं. अशा वेळी लाकूड फोडून आतल्या कोरड्या गाभ्याच्या ढलप्या काढाव्या लागतात. माझ्याकडे ऑनलाइन मागवलेली सुरी होती. पाच मिलिमीटर जाड, काळीभोर, पाठीला करवतीचे दात. पातं लाकडावर टेकवून वरून दांडक्याचे चार टोले हाणले. पाचव्याला पातं लाकडात रुतून राहिलं आणि मूठ माझ्या हातात आली.

मोडलेली जागा उन्हात धरून पाहिली. पात्याचा जो दांडा मुठीत शिरतो (त्याला टँग म्हणतात) तो जेमतेम अर्ध्या करंगळीएवढा रुंद होता आणि पात्याशी जुळतो तिथे थेट काटकोनात कापलेला. शिवाय तुटलेला पृष्ठभाग साखरेसारखा चमचमत होता.

काटकोनाचं आधी सांगतो. शाम्पूच्या पुडीला कडेला बारीकशी खाच असते. ती नसेल तर पुडी दातांनीही फाटत नाही, असेल तर दोन बोटांत फाटते. ओढ तेवढीच, पण खाचेच्या टोकाशी ती एकवटते. पोलादाचंही तसंच. आतला कोपरा टोकदार असेल तर प्रत्येक टोल्याचा ताण तिथेच साठतो आणि चीर तिथूनच निघते. तोच कोपरा गोलसर वळवला की ताण पसरतो. म्हणून लाकूड फोडायचं असेल तर टँग मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीची, मुठीच्या कडेने डोळ्यांना दिसणारी हवी. स्वीडनमधल्या मोरा गावच्या किंवा फिनलंडच्या पारंपरिक सुऱ्यांची टँग बारीकच असते आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, हेही खरं. पण त्या मुख्यतः लाकूड तासायला, मासे साफ करायला घडवलेल्या. वरून टोले खायला नव्हेत.

आता साखर. तो तुकडा मी गावातल्या लोहाराला दाखवला. त्याने तो उन्हात फिरवला आणि म्हणाला, “भाऊ, जळलंय हे.”

पोलाद तापवून लाल केलं की सुमारे 770 अंश सेल्सिअसला लोहचुंबक त्याला चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं वर नेऊन ते तेलात किंवा पाण्यात बुडवलं की आतल्या कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाच्या जाळीत अडकतो आणि अतिशय कठीण अशी रचना तयार होते. अडॉल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला मार्टेन्साइट म्हणतात. आपल्याकडे याला पाणी पाजणं म्हणतात. पण भट्टीत पोलाद गरजेपेक्षा जास्त तापलं तर त्याचे स्फटिककण फुगत जातात. मोठ्या कणांच्या सीमांवरून चीर सरसर धावते. माझ्या सुरीतली साखर म्हणजे हे फुगलेले कण. चांगलं पाणी दिलेलं पोलाद तुटलंच तर तुटलेली जागा मखमलीसारखी बारीक, राखाडी दिसते.

नुसतं पाणी पाजलेलं पातं काचेसारखं असतं, कठीण पण ठिसूळ. म्हणून ते पुन्हा हलकं तापवतात. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर तेव्हा रंग चढत जातात. सव्वादोनशे अंशांच्या आसपास वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि तीनशेच्या आसपास निळा. पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या तेलात दिसतात तसेच हे ऑक्साइडच्या पातळ थराचे रंग. सुरी पिवळ्यावर थांबवायची, स्प्रिंग निळ्यावर. रानात वापरायच्या सुरीची कठीणता रॉकवेल सी मापावर साधारण 56 ते 59 असावी; त्याहून फार वर गेलं की धारेचे टवके उडायची भीती.

दुकानदार कागद सरसर कापून दाखवतो, त्यावर जाऊ नका. धार मऊ लोखंडालाही लावता येते, फक्त ती टिकत नाही.

जाडीचा तर फारच बोलबाला आहे. पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट. पण तितकं जाड पातं पाचरीसारखं वागतं, त्याने धड बटाटाही कापता येत नाही. साडेतीन मिलिमीटर आणि तळहाताच्या रुंदीहून जरा लांब पातं पुष्कळ झालं.

गंजाचा विचार कोकणात राहणाऱ्याने आधी करावा. स्टेनलेसमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य थर पात्याला जपतो. साध्या कार्बन पोलादाला ते कवच नाही. खोबरेल तेलाचं बोट फिरवत राहायचं आणि सुरी चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवायची नाही, कारण चामडं ओल धरतं.

आणि सुरी घेऊन कुठे जाणार? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत चाकूही शस्त्रच आहे. अभयारण्यात तो लेखी परवानगीशिवाय नेता येत नाही. हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर दोन्ही अभयारण्यात येतात, हे ट्रेकला जाणारे बहुतेक जण विसरतात.

लोहाराने मला ट्रकच्या कमानपाट्यातून नवी सुरी करून दिली. त्याआधी त्याने चार तुकडे बाजूला टाकले. वर्षानुवर्षं ओझं वाहिलेल्या पाट्यात केसाएवढ्या चिरा असतात, त्या घडवूनही जात नाहीत. पाचवा तुकडा त्याने ऐरणीवर वाजवून पाहिला, कान देऊन ऐकला, आणि मग भट्टीत सारला.