फझ पेडल आणि सोलापूरचं ऊन

गिटारचा आवाज मुद्दाम फाडायचा, म्हणजे 'फझ' करायचा, ही कल्पना कुणी बसून काढलेली नाही, ती बिघाडातून आली. अमेरिकन गायक मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' हे १९६१ सालचं गाणं. नॅशव्हिलमध्ये त्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनची बास गिटार मोहोळ उठल्यासारखा घोंगावू लागली. तो तुकडा तसाच ठेवला गेला. पुढे इंजिनिअर ग्लेन स्नॉडीनं एका सहकाऱ्याच्या मदतीनं तोच बिघाड ट्रान्झिस्टरांत बांधला आणि १९६२ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीनं तो 'मॅस्ट्रो फझ-टोन' या पेडलच्या, म्हणजे पायानं दाबायच्या डबीच्या रूपात विकायला काढला. जाहिरात अशी की गिटारमधून ट्रम्पेट, ट्यूबा वाजेल! आपल्या वरातीतल्या बँडवाल्यांनी हे हसण्यावारी नेलं असतं. गिऱ्हाइकांनीही फार मनावर घेतलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'च्या सुरुवातीला कीथ रिचर्ड्सनं ते पेडल वापरलं, तेव्हा कुठे माल उठला.

घरी पेडल जोडणाऱ्यांचं दैवत मात्र १९६६ चं, लंडनच्या आर्बिटर कंपनीचं 'फझ फेस'. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (फिरवायची बटणं). संपलं. जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली होतं ते हेच.

एवढं सामान व्हेरोबोर्ड या छिद्रांच्या तयार पाटीच्या बोटभर तुकड्यावर बसतं. छिद्रांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर, खाली तांब्याच्या समांतर पट्ट्या. सर्किट वाचता आलं नाही तरी लेआउट, म्हणजे मांडणीचा नकाशा, पाहून कुठल्या छिद्रात काय घालायचं, पट्टी कुठे तोडायची हे कळतं. पट्टी तोडताना ड्रिलचं पातं हातानंच फिरवायचं आणि बोर्ड उजेडासमोर धरून बघायचं. केसाएवढं तांबं राहिलं तरी पेडल मुकं.

पहिल्या फझ फेसमधले ट्रान्झिस्टर जर्मेनियम या धातूसारख्या मूलद्रव्याचे होते. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६२ पासून जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनू लागले. एसी१२८ हा तर जुन्या रेडिओंतला नेहमीचा गडी. रेडिओ मेकॅनिकच्या खणात अजून सापडतो. पण जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तापमान दहाएक अंशांनी चढलं की त्यातून नको असताना झिरपणारा प्रवाह, म्हणजे गळती, साधारण दुप्पट होते. सर्किटमधल्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर साडेचार व्होल्ट हवेत. आमच्या सोलापुरात एप्रिलात पारा ४२ वर गेला की ते गणित कोलमडतं आणि सूर घोगरा होऊन मधेच तुटतो. लंडनच्या हवेत बेतलेलं सर्किट ते!

कंपन्याही नंतर सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरकडे वळल्या. आवाज जास्त टोकदार, पण उन्हाची फिकीर नाही. मीही तेच केलं आणि तिथेच फसलो. लेआउट होता अमेरिकन २एन३९०४ या ट्रान्झिस्टरसाठी, हाताशी होता बीसी५४७. दिसायला जुळे भाऊ, पण एमिटर-कलेक्टरचे पाय उलट. आवाज आला तो डास गुणगुणल्यासारखा. दोन्ही ट्रान्झिस्टर उपसून फिरवून बसवले, तेव्हा ॲम्प (ॲम्प्लिफायर) खेकसला.

तरी शेजारच्या यंत्रमागाची मोटर त्यात घरघरायचीच. पत्र्याच्या डबीत घालून डबी ग्राउंडला जोडली, तेव्हा बरीच कमी झाली.

एसी१२८ ची जोडी दुसऱ्या बोर्डावर आहे, ८.२ किलोओहमच्या रेझिस्टरच्या जागी प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं कमीजास्त करता येणारा रेझिस्टर, लावून. ते पेडल मी गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या थंड दिवसांतच काढतो.