भाडेपट्ट्याआधीची गोष्ट

आदिवासींना आपली जमीन खासगी कंपन्यांना थेट भाड्याने देता येईल, अशी घोषणा महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये केली आणि जुना वाद पुन्हा पेटला. तो समजून घ्यायचा तर नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला जावं लागतं.

तापीकाठची काळी, कसदार जमीन एकेकाळी भिल्लांची होती. अडीनडीला धान्य उसनं घ्यायचं, कागदावर अंगठा उमटवायचा. फिटता फिटत नसलेल्या त्या कर्जात सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं आणि कालचा मालक त्याच शेतात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, म्हणून राबायचा. भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग सूरतवंतींनी याविरुद्ध माणसं उभी केली. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला, त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली.

सगळी जमीन सावकारीत गेली असंही नाही. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कुळांना मालक केलं. जिथे मालक आदिवासी आणि कूळ मात्र बिगर-आदिवासी, तिथे ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा नेमकी उलटी पडली.

मग सरकारने दोन पावलं उचलली. महसूल संहितेत कलम ३६-अ आलं: आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. दुसरा, जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा, १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेली जमीन मूळ मालकाला परत मिळणार होती. पण फुकट नाही. ती स्वतः कसण्याची हमी द्यायची आणि रक्कमही भरायची: शेतसाऱ्याच्या जास्तीत जास्त ४८ पट, वर मधल्या काळातल्या सुधारणांची किंमत. म्हणजे आपल्याच शेतात दुसऱ्याने खोदलेल्या विहिरीचे पैसे. ६ जुलै १९७४ पूर्वी जमीन बिगरशेती वापरात गेली असेल, तर ती परत मिळणारच नाही. विकासाशी तडजोड झाली ती इथे, आणि ज्याने लवकर बांधकाम केलं तो सुटला.

लिंगप्पा पोचन्ना खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. प्रत्यक्षात ताबा मिळाला तरी बैल नाही, बियाणं नाही. विकायला बंदी असलेल्या जमिनीवर कर्ज द्यायला बँका कां-कूं करतात. मग तेच शेत पुन्हा बटाईने, बऱ्याचदा जुन्याच धन्याकडे. बंधनं सैल करा म्हणणारे यावरच बोट ठेवतात, आणि ही अडचण खोटी नाही. पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने पाच वर्षांपर्यंत भाडेपट्टा करायची सोय ३६-अ मध्ये आधीपासून आहेच.

१९७४ च्या कायद्यात ‘हस्तांतरण’ म्हणजे काय, ते मोजून सांगितलं आहे: विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण आणि पाचवा शब्द, भाडेपट्टा.