मातीतली ओल आणि ऐंशीचा आकडा

'एआयवर ऊस पिकवला' अशा बातम्यांना सध्या तोटा नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा उसावरचा प्रयोग गाजला, २०२५ मध्ये राज्य सरकारचं महाॲग्री-एआय धोरण आलं, आणि आता कुठल्याही कृषी प्रदर्शनात गेलात की शेतात रोवायचा एक खांब दिसतोच. वर सोलर प्लेट, वारा मोजायच्या फिरत्या वाट्या, पावसाचं मापक, आणि खाली जमिनीत शिरलेली एक काळी वायर. बघ्यांची गर्दी मोबाईलवरच्या रंगीत आलेखाभोवती असते. माझा सगळा जीव मात्र त्या वायरीच्या टोकाशी असतो. 'आज पाणी देऊ नका' हा सल्ला ॲपमध्ये कितीही हुशारीने तयार झालेला असो, त्याची सुरुवात जमिनीत वीतभर खाली गाडलेल्या दोन-तीन सळ्यांपासून होते.

स्टॉलवरचा माणूस सांगतो, 'हा सेन्सर पाणी बघतो.' काही जण तर 'मुळांशी बोलतो' इथपर्यंत जातात. सेन्सर पाणी बघत नाही. पुष्कळ सेन्सरांच्या पट्ट्यांवर प्लास्टिकचा किंवा रेझिनचा थर असतो, त्यामुळे त्यांचा धातू पाण्याला शिवतसुद्धा नाही. मग आकडा येतो कुठून?

मातीतली ओल मोजायची सगळ्यात भरवशाची रीत आजही तीच जुनी आहे: ठरावीक आकारमानाचं लोखंडी कडं जमिनीत ठोकून माती काढायची, वजन करायचं, १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवायची, पुन्हा वजन करायचं. घटलेलं वजन म्हणजे पाणी. यात वाद घालायला जागाच नाही. अडचण एवढीच की उत्तर दुसऱ्या दिवशी मिळतं, आणि त्याच जागची माती पुन्हा मोजता येत नाही, कारण ती तुम्ही उकरून नेलेली असते. शेतकरी तोवर मूठभर माती दाबून, गोळा होतो का आणि टिचकीने फुटतो का ते बघून, वाफसा आला की नाही हे सांगून मोकळा झालेला असतो. पण रात्री दोनला वीज आल्यावर, उसाच्या फडात शिरून, फूटभर खालची माती कोण दाबून बघणार? म्हणून आडमार्गाने मोजायची गरज पडली. तो आडमार्ग पाण्याच्या एका विलक्षण गुणातून जातो.

बारावीच्या फिजिक्समधला कपॅसिटर आठवा. दोन पट्ट्या समोरासमोर, मध्ये काहीतरी पदार्थ. पट्ट्यांना व्होल्टेज दिलं की त्यांच्यावर विद्युतभार साठतो, आणि किती साठतो ते मधल्या पदार्थावर ठरतं. पोकळीत जेवढा साठतो त्याच्या किती पट, या आकड्याला पराविद्युत स्थिरांक म्हणतात. हवेचा जवळजवळ १. कोरड्या मातीच्या खनिजांचा ३ ते ५. आणि पाण्याचा, २० अंश तापमानाला, ८०.

मातीत तीनच गोष्टी असतात: खनिजं, हवा आणि पाणी (सेंद्रिय कर्ब असतो, पण आपल्याकडे त्याचा आकडा इतका खाली गेलाय की इथे तो सोडून दिला तरी चालेल). तिघांपैकी दोघं चिल्लर आणि तिसरा ८०. म्हणजे मिश्रणाचा स्थिरांक मोजला की त्यात पाण्याचा वाटा किती, हे बऱ्यापैकी कळतंच. सेन्सरचं सगळं इंगित हे.

आता हा ८० का? या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो, थोडक्यात आवरतो. पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते सरळ रेषेत नसतात, हे सहसा लक्षात राहत नाही. दोन हायड्रोजनांमध्ये १०४.५ अंशांचा कोन आहे. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे रेणूची ती बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनांची बाजू किंचित धन होते. कार्बन डायऑक्साइडमध्येही ओढाताण असते, पण तो रेणू सरळ असल्याने दोन्हीकडची ओढ एकमेकींना रद्द करते. पाणी वाकडं आहे म्हणून त्याला टोकं आहेत. बाहेरून विद्युतक्षेत्र आलं की रेणू त्या दिशेला वळू बघतो. उष्णतेची धक्काबुक्की सतत चालू असल्याने एकेका रेणूचं वळणं अगदी नाममात्र असतं. पण घनसेंटिमीटरभर पाण्यात रेणू अब्जावधींच्याही अब्जावधीपट, शिवाय हायड्रोजन बंधांमुळे एक वळला की शेजाऱ्यालाही आपल्याबरोबर खेचतो. या सगळ्यांच्या किंचित वळण्याची बेरीज ८० पर्यंत जाते. पाणी तापलं की धक्काबुक्की वाढते आणि आकडा घसरतो: ० अंशाला ८८, ४० अंशाला ७३.

सेन्सरमध्ये विद्युतक्षेत्र स्थिर नसतं, ते सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलतं. शाळेच्या मैदानावरची कवायत डोळ्यांपुढे आणा. पीटीचे सर शिट्टी मारतात, पोरं डावीकडे वळतात; पुन्हा शिट्टी, उजवीकडे. शिट्ट्या सावकाश असतील तर सगळी रांग बरोबर वळते. फारच भराभर मारल्या तर पोरं आधीच्या शिट्टीवर वळेपर्यंत पुढची झालेली असते, आणि शेवटी कोणीच वळत नाही. मोकळ्या पाण्याच्या रेणूंची ही दमछाक सुमारे १७ गिगाहर्ट्झला होते. त्याच्या बऱ्याच खाली राहिलं की ८० चा पुरेपूर फायदा मिळतो. (जाता जाता: मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो कारण ती 'पाण्याची स्वतःची कंपनसंख्या' आहे, ही फॉरवर्ड होणारी गोष्ट चूक आहे. तसं काही नाही. रेणू वळताना थोडे मागे पडतात आणि त्या रखडण्यातून उष्णता निघते, एवढंच.)

फार खाली गेलं तर दुसरी भानगड. शिट्ट्या फारच सावकाश असल्या की मातीतल्या पाण्यात विरघळलेले क्षारांचे आयन इकडून तिकडे चालू लागतात, वीज वाहते आणि मापनात लुडबुड होते. म्हणून बरे कपॅसिटिव्ह सेन्सर ७० ते १०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालवतात. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त हिरव्या-काळ्या पट्ट्या मेगाहर्ट्झच्या आसपासच रेंगाळतात. त्या कुंडीतल्या तुळशीला ठीक आहेत. शेतात ठिबकमधून विद्राव्य खत सोडलं की त्या खतालाच पाणी समजतात. शिरोळ-मिरज भागातल्या क्षारपड जमिनीत तर असला सेन्सर बसवूच नये.

सगळ्यात देखणी पद्धत वेळ मोजायची. ती मुळात केबलमध्ये तूट कुठे आहे हे शोधायला वापरत. मातीत २० सेंटिमीटरच्या सळ्या रोवायच्या, त्यातून विद्युतस्पंद सोडायचा, तो टोकाशी आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. स्पंदाचा वेग म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले स्थिरांकाचं वर्गमूळ. हवेत जाऊन-येऊन ४० सेंटिमीटरला १.३ नॅनोसेकंद लागतात. मातीचा स्थिरांक २५ असेल तर वर्गमूळ ५, म्हणून पाचपट, साधारण ६.७ नॅनोसेकंद. १९८० मध्ये कॅनडाच्या टॉप, डेव्हिस आणि ॲनन यांनी वेगवेगळ्या माती घेऊन स्थिरांक आणि ओल यांना जोडणारं एक त्रिघाती समीकरण दिलं. त्यात २५ घातले की ओल (मातीच्या आकारमानात पाण्याचा वाटा) ४० टक्के येते, १० घातले की १९ टक्के. गंमत पुढे आहे. ४० ची ४१ टक्के झाली तर स्पंद किती उशिरा पोचतो? सुमारे ०.१३ नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाश मोकळ्या हवेत जेमतेम चार सेंटिमीटर जातो. पाण्याची पाळी द्यायची की नाही याचा निर्णय एवढ्याशा उशिरावर उभा असतो, आणि तो मोजणारं यंत्र चिखलात पुरलेलं असतं! अभियांत्रिकी म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो.

इथवर सगळं गुळगुळीत चाललं, कारण आपण पाठ्यपुस्तकातल्या मातीत होतो. आता काळ्या रानात या.

आपली काळी माती बेसाल्टच्या झिजेतून झालेली. तिच्यात स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर, त्यातलं ओळखीचं नाव मॉन्टमोरिलोनाइट. याच्या पापुद्र्यांच्या आतले-बाहेरचे सगळे पृष्ठभाग धरले तर एका ग्रॅमला ७०० ते ८०० चौरस मीटर भरतात. म्हणजे चिमूटभर मातीत सात-आठ गुंठे. एवढ्या जागेला पाण्याचा एखाद-दुसरा थर घट्ट चिकटून बसतो. कवायतीत भिंतीला पाठ टेकून उभी राहिलेली पोरं हीच. शिट्टी वाजली तरी ती पुरती वळत नाहीत. त्यामुळे या पाण्याचा स्थिरांक ८० च्या कितीतरी खाली असतो, पाणी असूनही सेन्सर ते कमी मोजतो, आणि टॉप यांचं समीकरण अशा चिकण मातीत अडखळू लागतं. दुपारी माती तापली की चिकटलेल्यांतले काही रेणू सुटतात, वरून क्षारांची वाहकता वाढते, आणि पाणी न देताच आलेख वर चढतो. रात्री खाली. कोणी दहा सेंटिमीटरवरच्या सेन्सरचा आठवडाभराचा आलेख दाखवला आणि त्यात रोज दुपारी एक टेंगूळ दिसलं, तर ते बहुधा ओलीचं नसतं, उन्हाचं असतं.

त्याहून मोठा घोळ भेगांचा. एप्रिलअखेर काळ्या रानात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि जमीन जिथे आधीच उकरलेली तिथे भेग पडणं सोपं. म्हणजे नेमकं सेन्सरच्या कडेने. सळीलगत मिलिमीटरभर हवेची फट पडली तरी खेळ संपला, कारण विद्युतक्षेत्राचा जोर सळीच्या अगदी जवळच असतो. आकडा एकदम कोसळतो. मग पाणी सोडलं की ते आधी भेगेतून सरळ खाली जातं, सळीभोवती साचतं, आणि ॲपवर हिरवा रंग येतो. दोन ढेकळं पलीकडे मुळं कोरडीच.

बरं, आकडा अचूक आला असं धरू. २८ टक्के. हे जास्त की कमी? वाळूमिश्रित हलक्या जमिनीत २८ म्हणजे पाणी वाहून चाललंय, पंप बंद करा. भारी काळ्या जमिनीत २८ वर पीक माना टाकायच्या बेतात असू शकतं, कारण उरलेलं पाणी मातीने धरून ठेवलेलं असतं, सोडत नाही. पिकाला पाणी किती आहे यापेक्षा ते ओढायला किती जोर लागतो याच्याशी देणंघेणं. हा जोर किलोपास्कलमध्ये मोजतात: साधारण ३३ ला निचरा होऊन जमीन भरलेली धरायची, १५०० ला पीक कायमचं कोमेजतं. टेन्सिओमीटर, म्हणजे खाली सच्छिद्र चिनीमातीचा कप आणि वर व्हॅक्यूमचा काटा असलेली पाण्याची नळी, हा जोर थेट दाखवतो. पण ८० किलोपास्कलच्या पुढे त्यात हवा शिरते. दोन्ही यंत्रं जवळजवळ लावली तर एकाची उणीव दुसरं भरून काढतं. हे स्टॉलवर कोणी सांगत नाही, कारण एका पॅकेजमध्ये एकच बसतं.

आणि एआय? पिकाला रोज किती पाणी लागतं याचा हिशोब पेनमन-माँटीथ समीकरणाने करायची रीत जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने १९९८ मध्येच छापून दिलेली आहे. ऊन, वारा, दमटपणा, तापमान घालायचं, उसाच्या भर वाढीच्या काळात १.२५ ने गुणायचं, पाऊस वजा करायचा. शुद्ध जमाखर्च. मशीन लर्निंगचा खरा उपयोग जिथे आहे तो कमी दिसतो: दुपारचं टेंगूळ ओळखून काढून टाकणं, शेजारच्या पाच सेन्सरांशी न जुळणारा सहावा बाजूला ठेवणं, उपग्रहाच्या चित्राशी ताळा घालणं. २०२५ च्या जुलैत गेलेला इस्रो-नासाचा निसार उपग्रह रडारने जमिनीची ओल टिपतो, तोही याच ८० च्या जोरावर, आणि पावसाळ्यात ढग आड आले तरी. मात्र तो वरवरचे काही सेंटिमीटरच बघतो.

यावरून आठवलं. आमच्याकडे बोअर घ्यायचं म्हटलं की अजून तळहातावर नारळ ठेवून फिरणारा पाणाड्या बोलावतात, आणि आता तर 'सेन्सर'वाले पाणाडेही निघालेत, डब्याला दिवे लावून. सगळ्या जगातली यंत्रविद्या पणाला लावली तरी ओल्या काळ्या मातीत रडारची लहर मीटर-दीड मीटरमध्ये विझते, आणि हे महाशय चालता चालता तीनशे फुटांवरची धार सांगतात. नारळ उभा राहतो तो धरणाऱ्याच्या नकळत हललेल्या स्नायूंनी. या परिणामाला १८५२ मध्येच 'आयडिओमोटर' असं नाव दिलं गेलंय. बोअरसाठी विद्युतरोधाची पाहणी करून घ्या. तीही खात्री देत नाही, पण निदान काहीतरी मोजते.

सेन्सर घेणारच असाल तर विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: कुठल्या वारंवारितेवर चालतो, आणि कुठल्या मातीवर ताळा घातला आहे. दुसऱ्याचं उत्तर 'कंपनी सेटिंग' असं आलं, तर ताळा तुम्हालाच घालावा लागेल. त्यासाठी सेन्सर पावसाळ्यात, जमीन फुगलेली असताना बसवा. खड्डा मोठा करून भरू नका. सळईने बारीक भोक पाडून, त्याच रानाच्या मातीचा पातळ गारा ओतून, त्यात दाबून बसवा म्हणजे फट राहत नाही. ठिबकच्या तोटीखाली नको, तोटीपासून वीतभर बाजूला. मग पाणी दिल्यावर दोन दिवसांनी एकदा, आठवड्याने एकदा आणि पीक ताणावर असताना एकदा, सेन्सरपासून हातभर लांब, त्याच खोलीवर कडं ठोकून माती काढा. कड्याचं आकारमान मोजून ठेवलेलं असू द्या. माती प्लास्टिकच्या पिशवीत लगेच गच्च बांधा, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत निम्मी ओल वाटेतच उडते. कृषी विज्ञान केंद्रात ओव्हन असेल तर तिथे वाळवून घेता येते. तीन बिंदू आले की कागदावर रेघ ओढा: आडवा सेन्सरचा आकडा, उभा ओव्हनचा. रेघ कितीही तिरकी आली तरी बिघडत नाही, ॲपवाल्याला ती द्या. बिंदू रेघेवर बसतच नसतील तर आधी सळीच्या कडेला फट पडलीय का ते उकरून बघा.