पहिल्या उड्डाणाची राखण

मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात नागपुरातल्या धरमपेठ, सिव्हिल लाइन्सकडच्या झाडांखाली शिक्र्याचं, म्हणजे एका लहान शिकारी पक्ष्याचं, पिल्लू दिसलं की कुणीतरी ते उचलून घरी नेतं. जीव वाचावा एवढाच हेतू असतो. पण पुष्कळदा ते पिल्लू उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच्याच फांदीवर असतात. अशा वेळी राखण कशी करावी, हे शहरातल्या माणसाला बहिरी ससाण्याने शिकवलं. हा ससाणा विदर्भात येतो तो मुख्यतः हिवाळ्यात. ही हकिगत उत्तर अमेरिकेतली आहे.

बहिरी ससाणा घरटं बांधत नाही, कड्याच्या कपारीत मातीत खळगा करून अंडी घालतो. १९३६ च्या सुमारास मॉन्ट्रियलच्या सन लाइफ इमारतीवर एक जोडी राहायला आली. उघड्या कठड्यावर अंडी टिकेनात, तेव्हा तिथल्या एका पक्षीप्रेमीने खडीची पेटी ठेवली आणि पिल्लं जगू लागली. पुढे डीडीटी हे कीटकनाशक आलं. भक्ष्यातून ते ससाण्यांच्या अंगात साठलं, अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवतानाच फुटू लागली. १९६४ च्या पाहणीत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडे एकही नांदती कपार सापडली नाही. अमेरिकेने १९७२ मध्ये शेतीतलं डीडीटी थांबवलं, भारताने १९८९ मध्ये.

ससाणे परत आणले ते कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉम केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, शिकारीसाठी ससाणे पाळणाऱ्यांची जुनी रीत वापरून. पिल्लं उंचावरच्या पेटीत ठेवायची, माणूस न दिसता खाऊ घालायचं, पंख भरले की दार उघडायचं आणि शिकार साधेपर्यंत अन्न तिथेच ठेवत राहायचं. आईबाप नसलेल्या या पिल्लांवर दिवसभर कुणीतरी नजर ठेवून बसे. मला या साऱ्या प्रयत्नात ही चिकाटीच सर्वांत मोलाची वाटते. १९९९ मध्ये बहिरी ससाणा अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला.

तोवर जोड्या शहरातल्या इमारतींवर स्वतःच पिल्लं वाढवू लागल्या होत्या, आणि राखणदार खाली रस्त्यावर उतरले. पिल्लू साधारण सहा आठवड्यांचं झालं की पहिली झेप घेतं. अंगाने लहान असलेले नर आधी. कड्यावर चुकलं तर खाली दुसरी कपार असते. इथे गुळगुळीत काच, मग थेट रहदारी, आणि सपाट जमिनीवरून त्याला सहसा पुन्हा उडता येत नाही. म्हणून टोरांटो, सॅन होसेसारख्या शहरांत स्वयंसेवक दुर्बिणी घेऊन इमारतीभोवती पांगतात. पिल्लू खाली आलं की जाणकार माणूस ते तपासून पुन्हा गच्चीवर नेऊन ठेवतो. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत.

नागपुरात घारी आणि शिक्र्यांच्या पिल्लांनाही हेच लागू आहे. जखम, मांज्याचा गुंता किंवा उन्हाने टाकलेली मान दिसली, तर खोक्यात घालून सावलीत ठेवावं आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. सेमिनरी हिल्सवर उपचार केंद्र आहे. धडधाकट असेल तर जवळच्या फांदीवर बसवून, कुत्र्यामांजरांवर लक्ष ठेवत, लांब उभं राहावं. माणूस झाडाखाली असला की आई भरवायला येत नाही.