पार्श्वभूमी: 'अर्ली पोझिशन' म्हणजे नेमकी कुठली?

पोकरच्या होल्डेम या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते येतात आणि पाच सामाईक पत्ते टेबलावर उघडतात. यूटीजीला ('अंडर द गन'), म्हणजे सक्तीची मोठी बेट लावणाऱ्या बिग ब्लाइंडच्या लगेच पुढच्या, सगळ्यांत आधी निर्णय घ्याव्या लागणाऱ्या सीटवर, एक्का-गुलाम वेगवेगळ्या रंगांचे आले तर टाकायचे की रेझ करायचं (बेट वाढवायची), यावरून ऑनलाइन खेळणाऱ्यांत आजही जुंपते. भांडणारे दोघंही बऱ्याचदा बरोबरच असतात. त्यांच्या डोळ्यांसमोरची टेबलं वेगळी असतात, एवढंच.

होल्डेम १९६०च्या दशकात टेक्सासहून लास वेगासला आला. १९७०च्या दशकात सुरुवातीच्या हातांची, म्हणजे हातातल्या दोन पत्त्यांची, गटवार प्रतवारी छापली गेली आणि पुढची पंचवीसेक वर्षं लोक तीच पाठ करत राहिले. प्रतवारी होती लिमिटसाठी : बेटची रक्कम ठरलेली, टेबलाला नऊ-दहा जण. तिच्या रूढ झालेल्या रूपात वेगवेगळ्या रंगांचे एक्का-गुलाम आणि एका रंगाच्या दश्शी-नव्वी एकाच गटात बसतात. लिमिटमध्ये ते खपून जायचं, कारण चार-पाच जण फ्लॉप (पहिले तीन सामाईक पत्ते) बघायचे आणि फसलात तरी पूर्ण स्टॅक, म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स, जायचा नाही.

१९९८मध्ये खऱ्या पैशांची ऑनलाइन टेबलं सुरू झाली, तीही लिमिटचीच. २००३मध्ये ऑनलाइन पात्रता मिळवलेल्या एका हौशी खेळाडूनं वेगासची मुख्य स्पर्धा जिंकली आणि सगळी गर्दी नो-लिमिटकडे, म्हणजे एका बेटमध्ये सगळ्या चिप्स लावता येतात त्या खेळाकडे, वळली. त्याच सुमाराला सहा जणांची टेबलं फोफावली. खरा घोटाळा झाला तो इथं.

'अर्ली', म्हणजे आधी निर्णय घ्याव्या लागणाऱ्या सीट, हा शब्द नऊ जणांच्या टेबलावरचा. तिथं यूटीजीच्या मागं आठ जण उरलेले असतात. सहाच्या टेबलावरही पहिल्या सीटला यूटीजीच म्हणतात, पण मागं पाचच जण. म्हणजे ही सीट नऊच्या टेबलावरच्या चौथ्या सीटएवढी झाली, आणि त्या सीटला तिथं कुणी अर्ली म्हणत नाही. (तीन पत्तीतून आलेल्यांची आणखी वेगळी पंचाईत : त्यांच्यासाठी ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं, इथं ती सक्तीची बेट.)

फरक किती पडतो ते एक्का-गुलामावरच मोजू. तुमचे दोन पत्ते काढले की उरलेल्या ५० पत्त्यांतून दोन-दोनच्या १,२२५ जोड्या होतात. त्यांपैकी तुम्हाला दाबून बसणाऱ्या म्हणजे एक्का, राजा, राणी, गुलाम यांच्या जोड्या, शिवाय एक्का-राजा आणि एक्का-राणी : ३, ६, ६, ३, १२ आणि १२, मिळून ४२. माणशी साडेतीन टक्क्यांच्या आसपास. मागं आठ जण असतील तर त्यांतल्या कुणाकडे तरी असा हात असण्याची शक्यता ढोबळमानानं २४ टक्के, पाच असतील तर १६. पत्ते तेच, सीटचं नावही तेच, पण धोका दीडपट. तरीही कित्येक वर्षं नऊचे चार्ट (कुठल्या सीटवर कुठले हात खेळायचे त्याचे तक्ते) सहाच्या टेबलावर आणि सहाचे नऊच्या टेबलावर बिनदिक्कत फिरत होते. पहिल्या चुकीत तुम्ही फार टाकता, दुसरीत फार खेळता. खिशाला दुसरी जास्त लागते.

ही दुसरी चूक डोळ्यांना दिसली ती २०००च्या दशकात हातांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर आली तेव्हा. यूटीजीचा फिल्टर लावायचा आणि लाल, म्हणजे तोट्यातल्या, रांगा बघायच्या. माझ्याही फाइलमध्ये राजा-राणी वेगवेगळ्या रंगांचे ही रांग लालभडक होती, आणि तोवर मी तो हात कमाईचा समजत होतो.

२०१५नंतर सॉल्व्हर, म्हणजे सर्वांत चांगली चाल गणितानं काढणारी सॉफ्टवेअर, घरच्या संगणकावर आले आणि यादीत उलथापालथ झाली. छोट्या जोड्यांचा मान उतरला. दुर्रीची जोडी फ्लॉपवर सेट होण्याची (तिसरी दुर्री येण्याची) शक्यता साधारण साडेआठात एकदा. बाकीच्या वेळी बटनसमोर, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी निर्णय घेणाऱ्या सीटसमोर, ती नुसती अडचण. उलट एका रंगाची एक्का-पंजी वर चढली. तुमच्या हातात एक एक्का असला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी येण्याचे प्रकार सहावरून तीनवर येतात, एक्का-राजाचे सोळावरून बारावर; वर स्ट्रेट (ओळीनं पाच पत्ते) आणि फ्लश (एका रंगाचे पाच) दोन्ही वाटा खुल्या. सहाच्या टेबलावर, बिग ब्लाइंडच्या शंभरपट स्टॅकला, यूटीजीला खेळण्याजोगे हात साधारण १५ ते १८ टक्क्यांत स्थिरावले. २०१९मध्ये सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना हरवणाऱ्या प्रोग्रॅमनंही नुसतं कॉल करून आत शिरणं, म्हणजे लिम्प, स्मॉल ब्लाइंड (सक्तीची छोटी बेट लावणारी सीट) सोडून सगळीकडे टाकून दिलं. जुन्या खेळाडूंना हे आधीपासून ठाऊक होतं म्हणतात. त्यांच्या लिम्पच्या रांगा मात्र तसं सांगत नाहीत.

रेकचा, म्हणजे पॉटमधून (जमलेल्या बेटांच्या रकमेतून) कापल्या जाणाऱ्या वाट्याचा, मुद्दा चार्ट फिरवणारे अजूनही गाळतात. रेक न धरता काढलेला चार्ट छोट्या रकमांच्या टेबलावर वापरला की त्यातले काठावरचे हात तोट्यात जातात, कारण अशा हातांचा लहानसा नफा या कापणीतच संपतो. अर्ली सीटवर काठावरचे हात सोडून द्यायचं हे आणखी एक साधं कारण.

भारतात ऑक्टोबर २०२३पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि ऑगस्ट २०२५मध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. देशी साइटनी पैशांची टेबलं उतरवली. सहाच्या टेबलावर शिकलेले काही जण आता गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोंत जाऊन बसतात. तिथं टेबल भरलं की मागं पुन्हा आठ जण, आणि यूटीजीला एक्का-गुलाम आले की हात आपोआप चिप्सकडे जातो.